बाईसाहेब दूध चोरतात

सोमवार, उन्हं तापायला लागली

धाकटे,

नमस्कार-चमत्कार नंतर. आधी काम सांगते. तुझा एखादा शर्ट मला पाठव. अंगावर दोन-तीन दिवस घातलेला, घामाचा, न धुतलेला. इस्त्री तर मुळीच नको. जाड कागदात गुंडाळ, वर प्लास्टिकची पिशवी घाल, पिशवीचं तोंड घट्ट बांध आणि टपालात टाक. पाकिटावर माझं नाव घाल, बाबांचं नको.

हसू नकोस. तू हसलीस की मला इथे बसून कळतं.

फोन का नाही केला म्हणशील, तर फोन पुढच्या खोलीत आहे आणि तिथे बोललेलं सगळं घर ऐकतं. शिवाय फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही.

तू जाताना गोठ्याच्या खुंटीवर तुझा चौकड्यांचा शर्ट ठेवून गेलीस. तो मी रोज घालत होते. हौस म्हणून नाही. तू गेलीस आणि पाठोपाठ बाईसाहेब व्यायल्या. वासरू छान आहे, कालवड आहे, आईसारखीच नाक वर करून चालते. पण बाईसाहेबांनी मला कासेला हात लावू दिला नाही. बाकीच्या गाई यंत्राखाली मुकाट उभ्या राहतात आणि बाईसाहेब मात्र यंत्राचा आवाज आला की दूध चोरतात, कासेतच अडवून धरतात, हे तुला सांगायला नको. हाताने काढावं तर हात तुझाच पाहिजे. वासराला सोडलं की पान्हा, मी बादली घेऊन बसले की कास दगड. एका सकाळी गारठा होता म्हणून मी खुंटीवरचा तुझा शर्ट अंगात चढवला आणि बसले. बाईसाहेबांनी मान वळवून बाही हुंगली, लांब सुस्कारा टाकला आणि दूध सोडलं. बादली भरली. मी उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं.

बाबा माळ्याच्या शिडीवरून पडल्यापासून गोठ्याच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. आतलं त्यांना दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. बादलीत धार पडल्याचा आवाज ऐकून ते म्हणाले, "वळली म्हणायची तुझ्या हाताला." मी "हो" म्हटलं. एवढंच म्हटलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी आत्याला सांगितलं, "बाईसाहेब ज्याला दूध देते त्याला जनावर कळतं. यंदा गवत आत आलं की गोठा कोणाच्या हाती द्यायचा ते सांगून टाकणार. माझी कंबर काही आता सरळ होत नाही." तुला बाबा माहीत आहेत. आधी गमतीत बोलतात आणि मग तेच धरून बसतात.

तर आता आत्याने घोळ घातलाय. उन्हाळा लागला म्हणून तिने पांघरुणं, पडदे, पोती, हाताला लागेल ते सोडा घालून उकळलं. त्यात तुझा शर्टही. मी ओरडले तर म्हणते, "अगं, इतका मळला होता की खुंटी काढली असती तरी उभा राहिला असता." आज सकाळी तो धुतलेला शर्ट घालून बसले. बाईसाहेबांनी हुंगला आणि बादलीला लाथ घातली. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात खऱ्या, पण गाईने आधी दुभतं व्हायला हवं. बाबांना सांगितलंय की आचळाला चीर पडलीय, बरी होईपर्यंत वासरालाच पाजते.

मला गोठा हवा आहे, हे तुला सरळ सांगते. तुला शहर आहे, नोकरी आहे, आतून कडी लावता येईल अशी स्वतःची खोली आहे. मी सासर सोडून आले ती दोन बॅगा घेऊन, आणि तेव्हापासून या घरात मी 'आलेली' आहे. अजून आत्या पाहुण्यांना तसंच सांगते, मोठी आलीय म्हणून. गोठा माझ्या हातात आला तर निदान हे बंद होईल.

तू जाताना म्हणालीस, "एका गोठ्यात दोघी मावत नाहीत, ताई." मग मला मावायला ठेवून तू निघून गेलीस आणि सगळ्यांच्या लेखी भली झालीस. मला ते लागलं होतं.

शर्ट लवकर पाठव.

ताई

शुक्रवार, मेंढ्यांची लोकर उतरवली

धाकटे,

शर्ट पोचला. गोठ्यात घालायला इतका चांगला शर्ट कोणी पाठवतं का? निळा काय, मोत्यासारखी बटणं काय. माझ्याकडे चार माणसांत घालायला असा नाही. हे तू मुद्दाम केलंस की तुझ्याकडे आता याहून जुना शर्टच उरलेला नाही, ते ठरवता आलं नाही. दोन्हीनं मला सारखाच त्रास झाला.

कॉलरला कुठलं तरी अत्तर होतं. मला वाटलं, संपलं. पण खाली तुझाच वास होता. मलासुद्धा ओळखू आला. मी तो नाकाशी धरून उभी होते, मग कोणी बघत नाही ना ते बघितलं.

बाईसाहेबांनी पान्हा सोडला. एवढंच करून थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण नाही. मी धार काढत होते तोवर मान वळवून वळवून त्यांनी तुझी बाही चाटली. मी रोज त्यांचं शेण काढते, पाणी दाखवते, कानामागचे गोचीड एकेक करून उपटते, खूर दुखला तर शेक देते. माझ्याकडे त्यांनी आजवर एकदा प्रेमाने बघितलेलं नाही. तू तिकडे लिफ्टने वरखाली करतेस आणि इथे तुझी बाही चाटली जाते. मला हेवा वाटला. एका शर्टाचा हेवा वाटायची वेळ यावी, तेही माझ्याच अंगावरच्या.

मला माहीत आहे हे कसं झालं. मी सासरी होते तेव्हा बाईसाहेब वासरू होत्या आणि त्यांना बाटलीने दूध तू पाजलंस. त्याच दिवसांत बाबांनाही तूच सापडलीस. मी परत आले तोवर दोन्ही जागा भरलेल्या होत्या.

आज कातरणारा आला होता. तोच, पुढचा दात पडलेला. मी मेंढी धरली, त्याने कात्री चालवली आणि पहिलं वाक्य काय?

"धाकट्या ताई दिसत नाहीत?"

"नोकरीला गेली."

"अरेरे. त्या धरायच्या ना, तर मेंढी झोपून जायची."

"आणि मी धरते ती?"

"तुम्हीपण धरता की," म्हणाला. मग माझ्याकडे नीट बघून, "असा शर्ट घालून मेंढ्या धरता होय तुम्ही?"

बाबा खुर्चीतून म्हणाले, "कुठला शर्ट?"

"आत्याने माझे सगळे धुवायला टाकलेत," मी म्हटलं. यात खोटं काही नव्हतं. बाबा "हं" म्हणाले. त्यांचा "हं" कसा असतो तुला माहीत आहे, त्यात काय भरलंय ते शेवटपर्यंत कळत नाही.

लोकर उतरल्यावर नेहमीचा गोंधळ झाला. कोकरांना आपल्या आया ओळखू येईनात आणि सगळं कुंपण ओरडून डोक्यावर घेतलं. संध्याकाळपर्यंत ज्याने त्याने हुंगून आपली आई शोधली आणि शांत झालं. मी तिथेच कुंपणाला टेकून बराच वेळ बघत राहिले, चहा निवून गेला.

खिशातली तुझी चिठ्ठी मिळाली. "ताई, तू बरी आहेस ना?" बरी आहे. दुसरा शर्ट तयार ठेव, याचा वास फार दिवस पुरणार नाही. या वेळी अत्तर नको.

ताई

रविवार, तुमचा फोन झाल्यावर

धाकटे,

आज एवढं काय सांगितलंस? बाबा हसता हसता खोकायला लागले. मी गोठ्यात होते. तिथपर्यंत हसणं येतं, बोलणं येत नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, "काही नाही, धाकटीचं आपलं काहीतरी." धाकटीचं आपलं. आणि माझं काय असतं? माझ्याशी ते बोलतात ते कोणाला पेंड कमी घाल, कोणाचा खूर बघ, कोण गाभण वाटते. माझ्याकडे बघून ते कधी हसले, ते मला आठवत नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

मागच्या रविवारी तू फोनवर सांगितलंस की हौद खरवडून घ्या, शेवाळ धरलं असेल. शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. हौद मी खरवडला. कोपरापर्यंत हिरवी झाले, नखं अजून हिरवी आहेत. संध्याकाळी बाबांनी पाणी बघितलं आणि म्हणाले, "धाकटीच्या लक्षात होतं बघ." मी खराटा धुतला आणि जागेवर ठेवला.

तुझा दुसरा शर्टही चालला. पण मी तुझ्यावाचून जमतं का ते रोज करून बघते, हेही सांगून टाकते. हातावर मीठ घेऊन गेले. बाईसाहेबांनी मीठ खाल्लं, हात चाटून कोरडा केला आणि मी स्टूल ओढल्याबरोबर कास बंद. ब्रशने पाठ घासली. पाठ छान वाटली त्यांना, कास बंद. मग तू गुणगुणतेस ते करून बघितलं. त्यांनी कान मागे घेतले. आत्याने घरातून विचारलं, "काय गं, काही दुखतंय का?" शेवटी शर्ट घालावाच लागतो.

उन्हाळा मात्र यंदा सुरेख आलाय. वासरं पहिल्यांदा कुरणात सोडली तर शेपट्या उभ्या करून कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत सुटली. बाईसाहेबांची कालवड सगळ्यांत पुढे. दुपारी गाई झाडाखाली बसून रवंथ करतात आणि माशा इतक्या की शेपट्या थांबत नाहीत. गवत कमरेला लागतंय. मला हे सगळं फार आवडतं. हे मी कोणाला सांगत नाही, कारण मला विचारायला कोणी येत नाही. तुला आवडतं हे मात्र सगळ्यांना माहीत आहे.

आता मुद्द्याचं. बाबांनी फोन ठेवला आणि सांगितलं, "धाकटी गवताला येतेय." येऊ नकोस. तुझ्या खोलीत आत्याने बियाणं पसरलंय, झोपायला जागा नाही. गवत यंदा बेताचं आहे. माणसं पुरेशी आहेत.

वरचं सगळं खोटं आहे. खोली आत्याने कालच झाडली आणि तुझी उशी उन्हात घातली. गवत मी वर लिहिलं तेवढं आहे आणि माणसं नेहमीसारखीच कमी आहेत. खरं कारण तुला कळलंच असेल. तू आलीस की मला तुझा शर्ट घालून बसता येणार नाही. बाबा म्हणतील, धाकटे, दोन धारा काढ बघू. आणि मग झालंच. तू एक दिवस येशील, बसशील, बादली भरशील आणि परत जाशील. आणि जाऊनही गोठा तुझा असेल, कारण तू कधीतरी परत येशील म्हणून बाबा तो तुझ्या नावाने ठेवून देतील. मी त्यात राबेन आणि पाहुण्यांना सांगतील, मोठी बघते धाकटीचं.

येऊ नकोस, धाकटे. हे मी भांडून म्हणत नाही, मागते आहे.

ताई

बुधवार, गवत कापायला घेतलं

धाकटे,

म्हणजे येतेसच. बाबांनी सकाळपासून तीनदा सांगितलं, म्हणून कळलं. मला कळवावं असं तुला वाटलं नाही, किंवा वाटून टाळलंस.

ठीक आहे. तर एवढं कर. शर्टाचं कोणाला बोलू नकोस. तुझे दोन्ही मी पेंडीच्या पेटीत तळाला घातलेत. गोठ्यात आपणहून जाऊ नकोस. मी आत असताना दारात उभी राहू नकोस, बाईसाहेब तुला बघून हंबरतील आणि मला ते ऐकायचं नाही. बाबांनी धार काढायला सांगितलं तर हात दुखतोय म्हण, काहीही म्हण. नाहीतर काढ. तुला काय वाटेल ते कर. मला तुला सांगायचा अधिकार नाही.

पहिला पट्टा कापून झालाय. ऊन असंच राहिलं तर शनिवारी गंजी रचायला घेऊ. येताना टोपी आण, मागच्या वर्षी तुझं नाक सोललं होतं.

ताई

मंगळवार, गवत आत आलं

धाकटे,

तू काल सकाळी गेलीस आणि आज मी लिहायला बसले. परवाच्या संध्याकाळी तू तिथे होतीस, तरी सगळं लिहिते, कारण माझ्या बाजूने काय झालं ते तुला माहीत नाही. तुझ्या बाजूने काय झालं ते मला आत्ता आत्ता कळलंय, त्याकडे येतेच.

दोन दिवस तू गवतात होतीस तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. तू दाताळ्याने पेंढी उचलून वर फेकतेस तेव्हा वरचा माणूस ती झेलायला वाकत नाही, ती त्याच्या हातातच येते. माझी अर्धी सुटते. आत्या तुला दोनदा पाणी घेऊन आली, मला एकदा. बाबा खुर्ची उचलून कुरणाच्या कडेला आले, शिडीवरून पडल्यापासून पहिल्यांदा. मी इतके दिवस "चला, थोडं चालू" म्हणत होते तेव्हा त्यांची कंबर दुखत होती. मी मोजत नव्हते म्हणायला आवडलं असतं, पण मी सगळं मोजलं.

मग शेवटची पेंढी माळ्यावर गेली आणि बाबा काठी टेकत थेट गोठ्यात आत आले. खुर्ची बाईसाहेबांसमोर मांडून बसले. मी अंगात माझाच जुना शर्ट घालून उभी होते. बाबा म्हणाले, "धाकटे, बस. दोन धारा काढ, बघू ओळखते का."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. स्टूल घेतलंस, बादली घेतलीस. तू बसायच्या आधीच मी डोळे मिटून घेतले. मला धारेचा आवाज ऐकायचा नव्हता. ऐकू आली ती लाथ. बादली गव्हाणीपर्यंत घरंगळत गेली. तू परत बसलीस, परत लाथ आणि शेपटीचा फटका ऐकू आला. मी डोळे उघडले तेव्हा तू स्टूल हातात घेऊन उभी होतीस आणि हसत म्हणालीस, "विसरली मला. शहराचा वास येत असेल अंगाला. ताई, तू बस." आणि तू पुढे जाऊन त्यांच्या तोंडाशी उभी राहिलीस, गळ्याखाली खाजवत.

मी बसले. बाईसाहेबांनी दूध सोडलं. माझ्या शर्टावर, माझ्या हाताला. बादलीत फेस आला. बाबा बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "झालं. गोठा मोठीचा." आत्याने डोळे पुसले. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालीस, "मी म्हटलं नव्हतं?" कधी म्हटलं होतंस?

त्या रात्री मला इतकी छान झोप लागली की काय सांगू. तू सकाळी निघालीस तेव्हा मी तुला डबा भरून दिला, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. मी इतकी खूश होते की मला तुझी दयाही आली. बिचारी, गाय विसरली तिला, असं मी फाटकापासून परत येताना म्हणाले.

मग गोठा झाडायला घेतला. आता माझा म्हणून कोपऱ्याकोपऱ्यातून. आणि बाईसाहेबांच्या डाव्या बाजूच्या पेंढ्यात स्टुलाच्या तीन पायांचे खड्डे दिसले.

डाव्या बाजूला, धाकटे. कालवड असताना त्या तारेच्या कुंपणात अडकल्या आणि डावी कूस फाटली. तेव्हापासून त्या डाव्या अंगाला माणूस बसू देत नाहीत, स्वतःचं वासरू डावीकडून आलं तरी पाय उचलतात. तारेतून त्यांना सोडवलं होतंस तू. मी सासरहून आले आणि पहिल्या दिवशी न कळून डावीकडे स्टूल ठेवलं तेव्हा माझा दंड धरून मला ओढलं होतंस तू. बाबा समोर तोंडाशी बसले होते, त्यांना बाईसाहेबांचं मोठं पोट आड येत होतं, तू कुठल्या अंगाला बसलीस ते दिसलं नाही. मी डोळे मिटले होते. तू हे सगळं बघून ठेवलं होतंस.

खराटा हातात घेऊन मी तिथेच खाली बसले. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझ्यापुढे गेले होते, आणि तेही तू ढकललंस म्हणून. तुझं प्रेम दिसत नाही असं नाही. दिसतं, आणि म्हणूनच जास्त राग येतो. गाय तुझी, बाप तुझा, आणि आता मोठं मनही तुझंच. माझ्या वाटणीला काही ठेवशील की नाही? मला तुझा हेवा वाटतो, धाकटे, लहानपणापासून वाटतो, आणि तू तो वाटू नये म्हणून जे जे करतेस त्याने तो वाढतो.

आणखी एक आहे. बाईसाहेबांनी दूध सोडलं तेव्हा तू तोंडाशी उभी होतीस. त्यांचं नाक तुझ्या काखेत होतं. पान्हा कोणाला सुटला? माझ्या हाताला सुटला की तुझ्या वासाला? मी काल संध्याकाळी आणि आज सकाळी शर्टाशिवाय बसले. काल दूध आलं. आज निम्मं आलं. तुझा वास गोठ्यात अजून आहे का, ते मला ठरवता येत नाही. बाईसाहेबांना विचारायची सोय नाही.

म्हणून मी आज बाबांना सगळं सांगितलं. पेटीतून तुझे शर्ट काढले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. आत्याचा सोडा, टपाल, आचळाची चीर, तू डावीकडे बसलीस ते, सगळं. मला वाटलं ते चिडतील. ते ऐकत गेले, शर्टाची बटणं बघितली, आणि जे हसायला लागले ते कंबर धरून हसले. "गाईला फसवायला शहरातून शर्ट," म्हणाले आणि परत हसले. माझ्या बोलण्याला, माझ्यासमोर. मीही हसले. मला वाटलं, हे असं असतं तर.

मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "हे धाकटीला सांगायलाच पाहिजे."

त्यामुळे रविवारी तुला ते सांगतील, त्यांच्या पद्धतीने, रंगवून. त्याच्या आधी माझ्याकडून कळावं म्हणून घाईने लिहिते आहे.

गोठ्याचं मी त्यांना म्हटलं की मी अजून घेतलेला नाही. ते म्हणाले, "तुम्ही दोघी आणि ती गाय काय ते ठरवा, मला जेवायला वाढा." तर ठरवूया. दुसऱ्या कापणीचं गवत वर आलं की ये. आधी दोन दिवस अंगाला साबण लावू नकोस, अत्तर तर नाहीच. गोठ्यात बाबा असतील आणि तू असशील. मी कुरणाच्या पार पलीकडच्या फाटकाशी जाऊन उभी राहीन, वारा माझ्याकडून गोठ्याकडे नसेल तो दिवस बघून. तू उजव्या अंगाला बस. बाईसाहेबांनी तुला दूध दिलं तर गोठा तुझा, आणि मी तुझ्या हाताखाली राबेन, कुरकुर मात्र रोज करीन. नाही दिलं, तर तू फाटकाशी जा आणि मी बसते.

तू जिंकशील असंच मला वाटतं. तरी ये. आणि हरलीस, धाकटे, तर खरीखुरी हर. एवढं एक माझ्यासाठी कर.

ताई